खेडचा कौल : शाहू छत्रपतींनी माणसे कशी जमवली

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडजवळ मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही फौजा थोरल्या शिवाजी महाराजांच्या नातवासाठीच आल्या होत्या. नातू तेवढे वेगळे होते. एका बाजूला संभाजी महाराजांचे पुत्र शाहू होते. दुसऱ्या बाजूची फौज राजाराम महाराजांचे पुत्र शिवाजी यांच्या नावाने लढणार होती आणि ती पाठवली होती त्यांच्या मातोश्री ताराबाईंनी. लढाई लहानच झाली. तिचा निकालही तलवारीने कमी आणि आदल्या काही दिवसांत झालेल्या बोलण्यांनी जास्त लावला. तरी शाहूंची बेचाळीस वर्षांची कारकीर्द खऱ्या अर्थाने इथूनच सुरू झाली.

खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर. पुण्याहून भोसरी, मोशी, चाकण ओलांडून नाशिककडे जाणारा रस्ता इथे भीमा पार करतो. आज या रस्त्यावर कारखान्यांचे कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्यांची रीघ लागलेली असते. त्या काळीही ही वाट मोक्याचीच होती. जुन्नर आणि नगरकडून पुणे प्रांतात उतरणाऱ्याला हा टापू टाळणे कठीण होते. चाकणचा भुईकोट याच वाटेवर पहारा देत होता. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याला फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून अधिक दिवस इथेच थोपवून धरले होते. खेडहून खाली वाहत जाणारी भीमा तुळापूरला इंद्रायणीला भेटते, आणि त्याच परिसरात मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध केला होता. वडिलांच्या वधानंतर साडेअठरा वर्षांनी शाहू त्याच नदीच्या काठावर राज्य मागायला उभे होते.

मधली वर्षे त्यांनी कैदेत काढली होती. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. तेव्हा मातोश्री येसूबाईंसह शाहू मोगलांच्या हाती लागले. त्यांचा जन्म मे १६८२ चा, म्हणजे वय अवघे सात. पुढे बादशहाची छावणी जिकडे हलेल तिकडे ही मंडळीही हलत राहिली. औरंगजेबाने शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. त्याची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांना मायेने वागवले. पण नजरकैद ती नजरकैदच. १७०३ मध्ये धर्मांतराचे संकट आले. ते प्रतापराव गुजरांच्या मुलांनी आपल्यावर घेतले आणि शाहूंना वाचवले. एवढे सगळे सोसून बाहेर पडलेल्या पंचवीस वर्षांच्या या तरुणाकडे किल्ला नव्हता, खजिना नव्हता आणि स्वतःची अशी फौजही नव्हती. स्वराज्यातल्या बहुतेकांनी तर त्यांना कधी पाहिलेच नव्हते.

औरंगजेब १७०७ च्या आरंभी अहमदनगरजवळ वारला. त्याचा मुलगा आझमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला, तेव्हा शाहूंना बरोबर घेऊन गेला. शाहूंना दक्षिणेत सोडले तर मराठ्यांत दुफळी पडेल आणि मोगलांची पाठ मोकळी होईल, हा सल्ला मोगल सरदार झुल्फिकारखान याचा होता. त्याप्रमाणे मे १७०७ मध्ये भोपाळजवळ दोराह्याच्या मुक्कामावरून शाहू परत फिरले. येसूबाई आणि कुटुंबातली इतर माणसे मात्र ओलीस म्हणून मागे राहिली. सल्ला देणाऱ्याचा अंदाज खोटा ठरला नाही, दुफळी खरोखरच पडली. पण दुफळीतूनही एक राजा उभा राहू शकतो, हे त्याच्या हिशेबात नव्हते.

शाहूंबरोबर निघालेली माणसे शंभरही नव्हती. जोत्याजी केसरकर हे त्यांतले विश्वासू. नर्मदा ओलांडून ही मंडळी खानदेशात उतरली, आणि तेव्हापासून जवळ जवळ चार महिने शाहूंनी एकच काम केले : माणसे जमवणे. बिजागडचा मोहनसिंग रावळ प्रथम आला. त्याच्यामागून कोकरमुंड्याचे अमृतराव कदमबांडे आणि लांबकानीचे सुजनसिंग रावळ आले. लांबकानीच्या मुक्कामातून गावोगावच्या देशमुखांना, सरदारांना आणि जुन्या मानकऱ्यांना पत्रे सुटली. आपण सुटून आलो आहोत, राज्य आपले आहे, तुम्ही येऊन रुजू व्हा, असा त्यांचा रोख होता. वऱ्हाडाकडून परसोजी भोसले फौजेनिशी आले. नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर, चिमणाजी दामोदर अशी तोलामोलाची नावे एकेक करून वाढत गेली.

ही माणसे का आली, याचे उत्तर एकच नाही. काहींना थोरल्या घराण्याचा हक्क न्याय्य वाटत होता. संभाजी महाराजांनी सोसलेल्या यातनांची आठवण ताजी होती, आणि त्यांचा मुलगा कैदेतून सुटून येतो आहे ही बातमीच कित्येकांना पुरेशी होती. खानदेश-वऱ्हाडातले सरदार ताराबाईंच्या दरबारापासून दूर होते. तिथे आपले कुणी ऐकत नाही, ही त्यांची सल होती. नवा राजा आला तर नवी सनद मिळेल, हाही विचार होताच. मराठा सरदाराला वतन प्राणापलीकडे प्रिय होते. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पंचवीस वर्षे घरदार सोडून मोगलांशी झुंजलेल्या माणसांना आपल्या कष्टाची कायम नोंद हवी होती, आणि ती नोंद म्हणजे वतन.

वाटेत सगळीकडे स्वागतच झाले असे नाही. पारद या गावाने शाहूंच्या माणसांना विरोध केला. चकमक झाली आणि गावचा पाटील लोखंडे तीत मारला गेला. तेव्हा पाटलाची विधवा आपले लहान मूल घेऊन पुढे आली आणि तिने ते शाहूंच्या पालखीत टाकले. मारणार असाल तर यालाही मारा, नाहीतर सांभाळा, एवढाच त्याचा अर्थ. शाहूंनी मूल उचलून घेतले. लढाईत फत्ते झाली म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले आणि त्याला पुत्रासारखे वाढवले. अक्कलकोटचे भोसले घराणे याच फत्तेसिंगापासून सुरू झाले. राजाला विरोध करणाऱ्या गावाचे मूल राजाच्या घरात वाढले, ही गोष्ट मुलुखात पसरायला वेळ लागला नसेल. शाहूंचा पुढचा सारा स्वभाव या एका प्रसंगात दिसतो. शत्रूला मारण्यापेक्षा आपल्याकडे वळवण्याकडे त्यांचा ओढा होता.

ताराबाईंनी प्रथम अशी भूमिका घेतली की आलेला माणूस शाहू नव्हेच, मोगलांनी उभा केलेला तोतया आहे. हा आरोप उडवून लावण्याजोगा नव्हता. सात वर्षांचा मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन परत आला, तर त्याला ओळखायचे कुणी? परसोजी भोसल्यांनी यावर जे केले ते बखरींनी जपून ठेवले आहे. सर्वांच्या देखत ते शाहूंबरोबर एकाच ताटात जेवले. त्या काळी एका ताटात जेवण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. हा माणूस भोसल्यांच्या रक्ताचा आहे, याची त्याहून भक्कम साक्ष कागदावर मिळणे शक्य नव्हते.

ताराबाईंच्या बाजूचा विचार केल्याशिवाय या कथेला न्याय मिळत नाही. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. तेव्हापासून सात वर्षे औरंगजेबासारख्या शत्रूशी या बाईंनी टक्कर दिली. किल्ले पडत होते, परत घेतले जात होते आणि मराठ्यांच्या फौजा नर्मदेपार जात होत्या. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपासचे. शिवाजी महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेले. नंतर जे उभे राहिले ते राजाराम महाराजांनी आणि आपण उभे केले, मग त्यावर शाहूंचा हक्क कसा, हा त्यांचा सवाल होता. या सवालात तथ्य होते. शाहूंची बाजू वारशाची होती, ताराबाईंची कर्तृत्वाची. निवाडा करायला वरचे न्यायालय नव्हते. सरदारांची मने हेच न्यायालय.

म्हणून ताराबाईंनी मनांना शपथेने बांधायचा प्रयत्न केला. दूधभातावर हात ठेवून सरदारांनी आणि प्रधानांनी राजारामपुत्र शिवाजीराजांशी इमान राखण्याची शपथ घेतली. सेनापती धनाजी जाधव, परशुराम त्रिंबक प्रतिनिधी, शंकराजी नारायण सचिव, रामचंद्रपंत अमात्य ही राज्याची मुख्य माणसे अजून त्यांच्याकडे होती. धनाजी आणि परशुरामपंत यांना शाहूंवर पाठवण्यात आले.

शाहू या सुमारास अहमदनगरच्या बाजूला होते. नगर प्रांतातून पुढे सरकण्याआधी त्यांनी खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले होते. वडिलांच्या मारेकऱ्यापुढे नमणे अनेकांना आजही खटकते. पण मोगल दरबारात आई ओलीस असताना आणि मागे मोगल सुभेदार बसलेले असताना शाहूंना त्या दरबाराशी थेट वैर धरणे परवडणारे नव्हते. नगरहून ते पुण्याच्या रोखाने निघाले आणि भीमेवर येऊन थांबले.

खेडच्या मैदानावर सगळा प्रश्न एका माणसापाशी येऊन ठेपला. तो म्हणजे धनाजी जाधव. त्यांची फौज शाहूंच्या फौजेपेक्षा अनुभवी होती आणि सेनापतीपदाचा दबदबा त्यांच्या बाजूने होता. पण त्यांच्या मनात शंका होती. समोरचा माणूस तोतया असेल तर शपथ पाळायची. खरा शाहू असेल तर धन्याच्या मुलावर तलवार कशी उचलायची? खात्री करून घ्यायला खंडो बल्लाळ चिटणीस शाहूंच्या छावणीत गेले. या खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच हत्तीच्या पायी दिले होते. ज्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांचा प्राण घेतला, त्यालाच ओळखायचे काम त्यांच्याकडे आले. मनात आणले असते तर ‘हा शाहू नव्हे’ एवढे तीन शब्द बोलून सूड उगवता आला असता. खंडो बल्लाळांनी परत येऊन सांगितले की शाहू खरे आहेत. मराठ्यांच्या इतिहासात इमानाची उदाहरणे पुष्कळ आहेत. यापेक्षा मोठे शोधावे लागेल.

धनाजींना वळवण्यात आणखी एकाचा हात होता. मूळचे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट धनाजींच्या पदरी कारभारी होते. त्याआधी त्यांनी पुणे प्रांताचे सरसुभेदार म्हणून काम केले होते, त्यामुळे भीमा-इंद्रायणीकाठचा हा मुलूख, इथले देशमुख-पाटील आणि इथला वसूल त्यांना तोंडपाठ असणार. त्यांनी शाहूंशी संधान बांधले आणि धनाजींचे मन वळवले. शाहूंना त्यांचा गुण इथेच प्रथम दिसला. पुढची शंभर वर्षे मराठी राज्य चालवणाऱ्या पेशवे घराण्याचा पाया या छावणीतल्या भेटीगाठींत पडला, असे म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्ष लढाईत धनाजींच्या पथकांनी नेट धरलाच नाही. परशुरामपंत मात्र लढले. सेनापती आपल्या बाजूने राहिलेला नाही हे लक्षात येताच ते माघार घेऊन साताऱ्याकडे गेले. धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले. ज्या सेनापतीच्या हाती राज्याची फौज, तोच रुजू झाल्यावर बाकीच्यांची पावले त्याच दिशेने वळू लागली.

खेडहून शाहू दक्षिणेकडे निघाले. जेजुरीला खंडोबाचे दर्शन घेऊन शिरवळला आले. शंकराजी नारायण सचिवांना त्यांनी भेटीला बोलावले. शंकराजींच्या ताब्यात नीरेपलीकडचे किल्ले होते आणि गळ्यात ताराबाईंच्या शपथेची दोरी होती. एकीकडे धन्याचा मुलगा, दुसरीकडे घेतलेली शपथ. त्यांनी दोन्ही टाळण्यासाठी आपला प्राण दिला. सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत करुण घटना. शाहूंनी सचिवांच्या घरावर राग धरला नाही. त्यांच्या विधवेचे सांत्वन केले आणि लहानग्या नारो शंकरला सचिवपद दिले. भोरचे सचिव घराणे त्यामुळे टिकले.

साताऱ्याचा किल्ला मात्र गोडीगुलाबीने मिळाला नाही. परशुरामपंत आत होते आणि किल्ल्याची किल्लेदारी शेख मिरा यांच्याकडे होती. मिरांचे कुटुंब वाईला होते. शाहूंच्या माणसांनी ते ताब्यात घेतले आणि किल्ला दिला नाही तर बायकामुलांना तोफेच्या तोंडी देऊ, असा निरोप पाठवला. शेख मिरांनी परशुरामपंतांना कैद करून किल्ला खाली दिला. माणसे जमवण्याच्या कामात दरडावणीही होती, हे लपवून चालणार नाही. मिरांना पुढे इनाम मिळाले आणि वाईजवळ पसरणीला त्यांचे घराणे नांदले. परशुरामपंतही कायमचे कैदी राहिले नाहीत. काही वर्षांनी शाहूंनी त्यांना पुन्हा प्रतिनिधी केले.

१२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि दरबार भरला. बहिरोपंत पिंगळे पेशवे झाले. धनाजी जाधवांचे सेनापतीपद कायम झाले. गदाधर प्रल्हाद प्रतिनिधी, नारो शंकर सचिव, खंडो बल्लाळ चिटणीस अशा नेमणुका ठरल्या. परसोजी भोसल्यांना सेनासाहेबसुभा हा किताब आणि वऱ्हाडचा मुलूख मिळाला, हैबतराव निंबाळकर सरलष्कर झाले. कोकरमुंड्यापासून भीमेपर्यंत जे जे साथीला उभे राहिले, त्यांतल्या बहुतेकांची नोंद या दरबारात झाली.

राज्यारोहणाच्या वेळी राजाने देशातल्या पुढाऱ्यांना एकत्र करावे, ही रीत फार जुनी आहे. बायबलमध्ये शलमोन राजा कारकिर्दीच्या आरंभी सहस्राधिपती, शताधिपती, न्यायाधीश आणि कुळांचे प्रमुख यांना घेऊन गिबोनच्या उच्चस्थानी जातो, हजार होमार्पणे करतो आणि देवाकडे प्रजेचा न्याय करण्यासाठी शहाणपण मागतो. शलमोनालाही गादीसाठी भावाशी झगडावे लागले होते. थोरला भाऊ अदोनीया याच्या बाजूला सेनापती यवाब उभा होता. पण बायबलच्या राजांच्या पुस्तकात शलमोन आधी त्या दोघांना ठार करवतो आणि गिबोनला जातो ते त्यानंतर. शाहूंनी उलट केले. विरोधी सेनापतीला त्यांनी आधी आपल्याकडे घेतले आणि मग गादीवर बसले. प्रतिस्पर्धी चुलती पन्हाळ्याकडे गेली, तिच्या मुलाला गादी राहिली आणि कोल्हापूरचे वेगळे राज्य झाले. राज्याचे दोन तुकडे झाले हे नुकसान मोठेच होते; पण गादीसाठी मोगल घराण्यात ज्या रीतीने भावांची मुंडकी उडवली जात, तसे भोसल्यांच्या घरात झाले नाही.

अशा रीतीने उभ्या राहिलेल्या राज्याला त्याची किंमतही मोजावी लागली. शिवाजी महाराजांनी सरदारांना मुलूख तोडून देण्याची पद्धत मोडून रोख पगार सुरू केला होता. राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीच्या वेढ्याच्या संकटात, ही शिस्त सुटली; शाहूंना ती परत आणता आली नाही. जे आपल्या मर्जीने आले होते, ते आपल्या मर्जीने जाऊही शकत होते. त्यांना धरून ठेवायचे तर मुलूख आणि किताब देण्याशिवाय उपाय नव्हता. नागपूरकर भोसल्यांसारखी सरदार घराणी पुढे जवळ जवळ स्वतंत्र राज्ये बनली, त्याचे बीज १७०७-०८ च्या सनदांत आहे. त्या बळावरच मराठे अटकेपर्यंत पोहोचले, हेही तितकेच खरे.

धनाजी जाधव जून १७०८ मध्ये वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन तीन वर्षांतच ताराबाईंकडे गेला. बाळाजी विश्वनाथांना शाहूंनी सेनाकर्ते हा किताब दिला होता. फौज नव्याने उभी करायचे काम त्यांच्याच खांद्यावर आले. तरी एक मोठा माणूस अजून बाहेर होता : कान्होजी आंग्रे. आरमाराचा हा धनी ताराबाईंच्या पक्षात होता. १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे त्याच्यावर गेले. आंग्र्यांनी त्यांनाच पकडून लोहगडावर ठेवले. लोहगड, राजमाची हे मावळातले किल्ले आंग्र्यांच्या हाती गेले, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर शत्रूचे निशाण आले. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पाठवायचे ठरवले. रिकाम्या अधिकाराने आंग्रे ऐकणार नाहीत, म्हणून नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या मुक्कामी बाळाजींना पेशवेपदाची वस्त्रे दिली गेली.

१७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांची भेट झाली. दोघेही कोकणातले, एकमेकांना जाणणारे. तलवार उपसावी लागली नाही. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले, पिंगळ्यांना सोडले आणि सरखेलपद व कोकणातले किल्ले आपल्याकडे राखले. खेडला सेनापती मिळाला होता, वळवणला आरमार मिळाले. लांबकानीच्या मुक्कामापासून सुरू झालेली जमवाजमव सात वर्षांनी मावळच्या त्या गावात पुरी झाली.

यानंतर शाहूंचे लक्ष दिल्लीकडे वळू शकले. १७१८ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्ली दरबारातल्या सय्यद बंधूंच्या मदतीला फौज घेऊन उत्तरेस गेले. स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन १७१९ मध्ये ते परतले, आणि त्यांच्यासोबत येसूबाई साताऱ्यास आल्या. रायगडावर कैद झाल्यापासून तीस वर्षे होत आली होती.